झुवेनाच्या दारातली पांढरी गाडी

पेट्रोल पंप मागे पडला आणि झुवेना पुन्हा थांबली. तोंडावरचा काळा पडदा तिने वर केला, घाम पुसला आणि म्हणाली, "मामा अभय, परत जाऊ या का?"

"जाऊ या की," मी म्हटलं. "अर्धा रस्ता झालाय. इथून घर जेवढं लांब तेवढीच फेरीबोट."

"तुला काय, तू हसतेस."

"हसत नाही गं. मला संकष्टी आहे आणि ऊन डोक्यावर आलंय. काय ते एकदा ठरव."

तिने पडदा खाली ओढला आणि माझ्या पुढे चालू लागली. परत फिरायचं असतं तर ती पुढे गेली नसती, तेव्हा मीही छत्री सावरून मागून निघाले.

मोंबासाच्या जुन्या गावात आमची दारं समोरासमोर आहेत. इथे बाईला मुलाच्या नावाने हाक मारतात आणि मामा म्हणजे आई, म्हणून मी मामा अभय. माझा भाऊ चिपळूणहून आला होता तेव्हा ही हाक ऐकून तो दोन दिवस हसत होता. झुवेनाला मात्र सगळे बी झुवेना म्हणतात. बी म्हणजे आपल्या बाई. नवरीच्या हातापायांवर मेंदी काढावी तर तिनेच. तिचा नवरा अथमान हा नवऱ्या नेणारा. त्याची पांढरी गाडी आहे. ती धुऊनपुसून, आत उदाचा धूर देऊन तो लग्नाला काढतो. म्हणजे झुवेनाने रंगवायची आणि अथमानने पोचवायची. कितीतरी मुली अशा या दोघांच्या हातून सासरी गेल्या.

त्या शुक्रवारी आम्ही चालत निघालो होतो ते लिकोनीला, खाडीच्या पलीकडे. तिथे अथमानची दुसरी बायको राहते. बसने किंवा रिक्षाने गेलो असतो तर केव्हाच पोचलो असतो, पण इथला एकूण एक ड्रायव्हर अथमानचा दोस्त. "चालत गेलं तर बुरख्यात मला कोण ओळखणार?" असं झुवेनाचं म्हणणं. तिला कोणी ओळखलं नसतं हे खरं, पण शेजारी कुंकू लावलेली, साडी नेसलेली मी होते. रस्त्याकाठचा कॉफीवाला कपांची जोडी वाजवत ओरडलाच, "मामा अभय, बी झुवेनाला घेऊन कुठे निघालात?"

"मी झुवेना नाही!" पडद्याआडून झुवेना म्हणाली, आणि तिचा आवाज तर गल्लीच्या दोन्ही टोकांना माहीत आहे.

"बरं, बरं," कॉफीवाला म्हणाला. "भेटली तर तिला सलाम सांगा."

आता ही दुसरी बायको कशी आली ते सांगते. मेजुमा तिचं नाव. अथमान तरुणपणी जहाजावर होता, तेव्हाच्या मित्राची ती विधवा. पदरात दोन मुलं. अथमानने झुवेनाला विचारलं, तिच्या लेकराबाळांना छप्पर द्यावं म्हणतो, तुझी ना नसेल तर. झुवेना हो म्हणाली. तेही चार बायकांच्या देखत. सगळ्यांनी तिची वाहवा केली, काय मोठं मन म्हणून. मशिदीत शिकवणाऱ्या मुदर्रिसाच्या बायकोने तिचा हात हातात घेऊन डोळे पुसले. ती वाहवा झुवेनाच्या अंगाला अशी चिकटली की त्यानंतर तिला उघड कुढायची सोयच राहिली नाही. जे काय कुढायचं ते माझ्या स्वयंपाकघरात, माझ्या पाटावर बसून.

दोन दिवस इकडे, दोन दिवस तिकडे असा अथमानचा नेम. तिकडून आला की झुवेना आधी त्याच्या सदऱ्याचा वास घ्यायची. सदऱ्याची इस्त्री आपल्यापेक्षा चांगली दिसली तर तोच सदरा पाणी शिंपडून पुन्हा इस्त्री करायची. दाढी तिकडे कापून आला तर, "कोणी कापली? वाकडी कापलीय," म्हणून दोन केस आणखी कापायची. अथमान गरीब माणूस, मान वर करून बसून राहायचा. तिकडे पाऊल म्हणून टाकणार नाही, असं मात्र तिने पहिल्याच दिवशी म्हटलं होतं आणि ते पाळलंही होतं. त्या शुक्रवारपर्यंत.

त्या दिवशी तो नेम मोडला तो मांजरांमुळे.

आमच्या गल्लीत माणसांपेक्षा मांजरं जास्त. मासळीबाजार जवळ, आणि मांजराला मारणं इथे पाप. पैगंबरांना मांजर प्रिय होतं म्हणतात. कोणी मांजरावर नुसती चप्पल उगारली तरी खिडक्या उघडतात. त्यामुळे अथमानची गाडी दारात लागली की पाच-सहा तरी मांजरं बॉनेटवर चढून बसणार, पांढऱ्या रंगावर चिखलाची पावलं उठवणार, काचेवरून घसरगुंडी खेळणार, आणि त्यांना दुखवता तर कामा नये.

झुवेनाने काय काय करून पाहिलं! कोणी म्हणालं, चाकांभोवती पाण्याने भरलेल्या बाटल्या ठेव, मांजर घाबरतं. सकाळी एक पिल्लू बाटलीला टेकून झोपलेलं. लिंबाच्या साली टाकल्या, त्या बकऱ्यांनी खाल्ल्या. तिखटाचं पाणी बॉनेटवर शिंपडलं, ते अथमानने हाताने पुसलं आणि तोच हात डोळ्याला लावला. त्या दिवशीच्या लग्नात त्याचे लाल, पाणावलेले डोळे पाहून नवरीची आई म्हणाली, बघा, ड्रायव्हरलासुद्धा रडू आवरत नाही. मग झुवेनाने जुनी गोधडी घातली गाडीवर. मांजरांना बरंच झालं, खाली पत्रा लागत होता तो लागेनासा झाला.

हे सगळं हसण्यावारी न्यायचे दिवस मागच्या महिन्यात संपले. एका मोठ्या घरचं लग्न होतं. नवरी बाहेर आली, आणि तिच्या आत्याला गाडीच्या काचेवर पावलं दिसली, बॉनेटवर नखाचा ओरखडा दिसला. आत्या सगळ्यांसमोर म्हणाली, "काय हो ड्रायव्हर, नवरीच्या आधी मांजरीची वरात काढली होती की काय?" वऱ्हाड हसलं. अथमान कधी चिडत नाही. तो तेव्हाही चिडला नाही. घरी येऊन जेवला, हात धुतले आणि शांतपणे म्हणाला, "ईद झाली की गाडी लिकोनीलाच ठेवीन म्हणतो. तिकडे एक पाऊल उठत नाही तिच्यावर."

झुवेना ताट तसंच टाकून माझ्याकडे आली होती.

"गाडी तिकडे राहिली तर बिघडलं काय?" मी तिला समजावायला गेले. "माणूस तर येणारच आहे ना तुझ्याकडे?"

"माणूस कोणाला दिसतो, मामा अभय? गाडी दिसते. ती दारात असली की गल्ली म्हणते, अथमान घरी आहे. उद्या तो बोटीवरून उतरून, पिशवी काखेत मारून गल्लीत शिरला की काय म्हणतील? म्हणतील, बी झुवेनाकडे पाहुणा आलाय." आणि मग आवाज खाली आणून, "तिकडे एक पाऊल उठत नाही म्हणे. का उठत नाही? लिकोनीत काय मांजरं नाहीत? काहीतरी करते ती. खाडीपलीकडच्या लोकांना येतात असल्या गोष्टी. गाडीवर करते, उद्या माझ्या नवऱ्यावर करील."

तर ती काय करते ते बघायला आम्ही निघालो होतो. शुक्रवार अशासाठी की त्या दिवशी अथमान लिकोनीला होता, तो दुपारच्या नमाजाला पायी जातो आणि गाडी दारात राहते.

फेरीबोटीवर नेहमीसारखी रेटारेटी होती. हातगाड्या, कोंबड्यांच्या टोपल्या, शाळेची मुलं. झुवेना कठड्याला धरून पाण्याकडे पाठ करून उभी राहिली.

"तिचं वय काय असेल गं?"

"तुला माहीत आहे."

"दात पडलेत का तिचे?"

"मी कुठे पाहिलंय तिला? लग्नातच काय ते."

"पुढचा एक पडलाय म्हणे," झुवेना म्हणाली. "पण मागच्या ईदला अथमान हसत का होता तिकडून आला तेव्हा?"

मी मनातल्या मनात अथर्वशीर्ष म्हणत राहिले.

पलीकडे उतरून चढण चढलो, दोन गल्ल्या वळलो. मशिदीतून इमामसाहेबांचा आवाज येत होता. कडुनिंबाच्या झाडाखाली गाडी उभी होती. पांढरीशुभ्र, परटघडीसारखी. आणि तिच्यापासून चार हातांवर तीन मांजरं झोपलेली. एक भिंतीशी वाळूत, दोन पायरीवर.

झुवेनाने माझं मनगट धरलं. "बघ! मांजरं आहेत. धडधाकट आहेत. आणि गाडीवर एक नाही! आता तरी पटलं? पुरलंय काहीतरी तिने. इथे खालीच असणार."

मी नको नको म्हणेपर्यंत ती गुडघ्यांवर बसली, बुरखा गोळा केला आणि गाडीखाली डोकं घालून वाळू उकरू लागली. तेवढ्यात दार उघडलं. हडकुळी, उंच बाई, हाताला खोबऱ्याचा कीस लागलेला. माझ्याकडे पाहिलं, मग गाडीखालून बाहेर आलेल्या तळव्यांकडे पाहिलं.

"ताई?" ती म्हणाली. "काही हरवलं का?"

गाडीखालून आवाज आला, "कानातलं पडलं."

"गाडीखाली?"

"घरंगळत गेलं."

"तुम्ही आज कानात घातलं होतं का काही?" मेजुमाने विचारलं, पण हसली नाही. "आत या ताई. ऊन आहे. ते नमाजाला गेलेत, आज प्रवचन लांबेल."

काय करणार, आत गेलो. चटईवर बसलो. आल्याचा चहा आला, गरम माहमरी, म्हणजे इथल्या गोडसर पुऱ्या, आल्या, आणि माझा उपास कळला तेव्हा मला केळी आली. झुवेनाची नजर मात्र खोलीभर फिरत होती. तिच्या घरी आहे तेच भिंतीवरचं घड्याळ, तोच पंखा, ताटांचं कपाट तेच, पडद्याचं कापडही तेच. अथमानला धर्माने नेमून दिलंय, एकीला जे ते दुसरीला, आणि तो माणूस दुकानात गेला की प्रत्येक वस्तू दोन मागतो. झुवेना मान वाकडी करून इथलं घड्याळ आपल्यापेक्षा मोठं आहे का ते अजमावत होती.

शेवटी तिला राहवलं नाही. "काय लावतेस तू गाडीला?"

"राख आणि लिंबू," मेजुमा म्हणाली. "करवंटीची राख. पुढची जाळी, काचेखालची फट, सगळं घासते. गाडी आली की लगेच."

"मांजरांसाठी?"

"मांजरांचं माझ्या मनातही नाही. वासासाठी."

"कसला वास?"

मेजुमा म्हणाली, "माशाचा, ताई. तुमच्या माशाचा."

हे आमच्या इथे सगळेच करतात. मासा कोणी गाडीच्या आत ठेवत नाही, वास मुरतो म्हणून. कल्ल्यातून दोरी ओवून गाडीच्या पुढच्या अंगाला बांधायचा, घरी पोचलं की सोडून घ्यायचा. अथमानच्या गाडीत तर नवऱ्या बसणार, उदाचा सुवास पाहिजे, तेव्हा तो माशाला आत घेण्याचा प्रश्नच नाही. झुवेनाकडे यायच्या दिवशी तो बाजारावरून येतो, दारात मासा सोडतो, वरून एक बादली पाणी ओततो. झालं. दोरीवरून गळलेलं पाणी फटीत राहतं ते कोण बघतं?

झुवेना गोंधळली. "मग तुझ्या माशाचा वास येत नसेल?"

"माझा कुठला मासा, ताई?"

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला, आणि झुवेनाच्याही. इतके दिवस तिला माशाचा संशय आला नाही तो याचमुळे. एकीला जे ते दुसरीला. मासा इकडे येतो म्हणजे तिकडेही जातोच, आणि दोन्हीकडे मासा असून मांजरं इकडेच, तर कारण दुसरं काहीतरी असणार, असा तिचा सरळ हिशेब.

"कोंबडी आणतात," मेजुमा म्हणाली. ती चहाच्या पेल्याशी बोलत होती. "पीठ आणतात, भाजी आणतात, मुलांना खजूर आणतात. मासा नाही. एकदा मी तोंड उघडून मागितला. तर म्हणाले, सुरमई खावी ती झुवेनाच्या हातची. नंतर त्यांनाच वाईट वाटलं, पण म्हणाले ते म्हणालेच. मी पुन्हा नाही मागितला." मग तिने मान वर केली. "गाडी दारात आली की जाळीतून तो वास येतो. तुमची चूल माझ्या दारात येऊन उभी राहते, ताई. मग मी घासते. हात सोलून निघतात तोवर घासते. ते म्हणतात, मेजुमा किती स्वच्छ आहे. मी म्हणते, हो."

झुवेनाचा चेहरा उजळत गेला. तो लपवायला तिने पेला तोंडाला लावला, पण पेला केव्हाच रिकामा झाला होता.

निघताना मेजुमाने राखेची पुडी बांधून दिली. झुवेनाने ती घेतली. दोघी उंबऱ्याच्या दोन बाजूंना उभ्या.

"तुम्ही आलात हे मी त्यांना सांगणार नाही," मेजुमा म्हणाली. "मी काय बोलले ते तुम्हीही सांगू नका. मागणारी बाई म्हणून मला त्यांच्यापुढे पुन्हा उभं राहायचं नाही."

"नाही सांगणार," झुवेना म्हणाली. "अल्लाची शपथ." आणि माझ्यापुढे उतरणीला लागली. तिची चालच बदलली होती.

"काय म्हणाली ती? पुन्हा सांग."

"ऐकलंस की तू."

"नीट नाही ऐकलं. सांग ना."

"सुरमई खावी ती झुवेनाच्या हातची."

"तिच्यासमोर म्हणाला! तिच्याच घरात बसून!" ती रस्त्यात उभी राहून हसली. "आणि मी वेडी त्याच्या सदऱ्यांचे वास घेत बसते. राखेने घासून काढीन मी ती गाडी, एक पाऊल उठू देणार नाही. बघू या कशी लिकोनीला राहते ते!" शहाळंवाल्यापाशी तिने मला आग्रहाने थांबवलं, शहाळं उपासाला चालतं ना म्हणून विचारून पाजलं, आणि पुढे बोटीपर्यंत ती सुरमई मी आणखी दोनदा सांगितली.

बोट सुटली. अर्ध्या खाडीत येईपर्यंत तिचं हसू ओसरलं होतं. पुडी दोन्ही हातांत धरून ती मागे सुटणाऱ्या किनाऱ्याकडे पाहत होती.

"मामा अभय, मी तुला सांगितलं होतं ना, दोन बायकांत ज्याने डावंउजवं केलं तो कयामतीच्या दिवशी एका अंगाने कललेला उभा राहील?"

"सांगितलं होतंस."

"तेव्हा तो तिच्या बाजूला कलेल म्हणून सांगितलं होतं." मग म्हणाली, "माझ्या बाजूला कललेला दिसला तर मी तिथे काय तोंड दाखवू? सगळे बघतील ना, कोणाच्या बाजूला ते."

"मग त्याला सांग, तिकडेही मासा नेत जा म्हणून. सोपं आहे."

"सोपं आहे!" ती माझ्यावर उसळली. "एकदा दिलं मी माझ्या तोंडाने. नवरा दिला. आता त्याच तोंडाने मासा देऊ? नाही निघणार ते शब्द. आणि तिच्यापुढे शपथ घेतलीय, ती वेगळीच."

धक्का जवळ आला. माणसं पुढे सरकू लागली, हातगाडीवाल्यांनी भोंग्यासारखा आरडाओरडा सुरू केला. झुवेनाने पडदा वर केला, मला कोपऱ्यात ओढलं आणि माझे दोन्ही हात धरले.

"तू सांग त्याला. तुझं तो ऐकतो, तू देवधर्म करणारी म्हणून मानतो तुला. म्हण, अथमान, लिकोनीच्या लेकरांना मासा नेत जा, एकीकडेच नेतोस हे बरं नाही. आपणहून सुचलं असं म्हण. माझं नाव घेऊ नकोस, तिचं घेऊ नकोस. सांगशील ना?"

"सांगेन," मी म्हटलं.

ती वळली, दोन पावलं गेली आणि गर्दी कापत परत आली.

"बांगडा सांग हं. बांगडा, तारली, काय वाटेल ते सांग. सुरमईचं नाव काढू नकोस."